तोट्यात दाखवलेलं स्टेशन: एका एफएम केंद्रातल्या नोकरकपातीचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातल्या खासगी एफएम केंद्राचं आहे. शहर, वाहिनी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, आणि ज्यावरून कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हुद्दे, निर्णयांचा क्रम आणि कायद्याच्या बाजू मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण शिकण्यासारखं आहे ते त्यातच.

पार्श्वभूमी

आपल्याकडे खासगी एफएमचा धंदा सुरू झाला तोच चढ्या बोलींवर. 1999-2000 च्या पहिल्या टप्प्यात 40 शहरांतल्या 108 फ्रिक्वेन्सींचा लिलाव झाला. परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार होतं. बहुतेकांना ते झेपलं नाही आणि शेवटी जेमतेम 21 वाहिन्या सुरू राहिल्या. 2005 मध्ये सरकारने धोरण बदललं, ठरावीक वाढत्या शुल्काऐवजी महसुलातला 4 टक्के हिस्सा घ्यायचं ठरलं, आणि मग मुंबई-पुण्यापलीकडच्या शहरांत खासगी रेडिओ पोचला. आपलं स्टेशन या दुसऱ्या टप्प्यातलं.

सुरुवातीला सोळा-सतरा माणसं होती. चार आरजे, दोन प्रोड्युसर, एक साउंड इंजिनिअर, विक्रीची सहा-सात मुलं, हिशेब बघणारे एक गृहस्थ, स्टेशन हेड आणि ट्रॅफिक बघणारी एक मुलगी. रेडिओत ट्रॅफिक म्हणजे कोणती जाहिरात कोणत्या ब्रेकमध्ये किती सेकंद वाजणार याचं वेळापत्रक लावणं आणि रोजचा लॉग ठेवणं. हा लॉग पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सकाळचा शो करणाऱ्या निवेदिकेला अख्खं शहर ताई म्हणायचं. 2008 मध्ये त्या रुजू झाल्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी, पालखीच्या दिवशी, नळाला पाणी येणार नसलं त्या दिवशी लोक आधी त्यांचा आवाज लावत. एका पावसाळ्यात नदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा ताई, इंजिनिअर आणि एक प्रोड्युसर स्टेशनवरच मुक्कामाला राहिले. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण 2011 च्या धोरणाने हवामान, नैसर्गिक आपत्ती, रस्ते, वीज-पाणी यांची माहिती देण्याची मोकळीक दिली आहे. कोणता पूल बंद, कुठल्या शाळेत राहण्याची सोय, हे त्यांनी रात्रभर सांगितलं. पुण्यातल्या एका मोठ्या वाहिनीने ताईंना जास्त पगारावर बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत.

ही निष्ठा नेमकी कुणाशी होती, हे नीट पाहायला हवं. कागदपत्रं वाचताना आणि या लोकांशी बोलताना मला एकही माणूस असा भेटला नाही जो मुंबईच्या मुख्य कार्यालयाबद्दल आपुलकीने बोलला. त्यांची बांधिलकी ऐकणाऱ्यांशी होती आणि एकमेकांशी होती. कंपनीने मात्र ती आपल्याच खात्यावर जमा आहे असं धरलं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. रेडिओ किती जण ऐकतात हे मोजणारी रॅम ही पद्धत फक्त मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती होती. म्हणजे मध्यम शहरातला सराफ, साड्यांचा दुकानदार किंवा क्लासवाला जाहिरात देतो तेव्हा त्याच्यापुढे आकडा नसतो. ताईंनी सकाळी नाव घेतलं आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दुकानात येऊन 'रेडिओवर ऐकलं' म्हणालं, हाच त्याचा पुरावा. अशा शहरात निवेदक हाच धंद्याचा पाया असतो.

अडचण कशी वाढत गेली

2015 मध्ये तिसऱ्या टप्प्याचे लिलाव झाले. जुन्या वाहिन्यांना परवाना 15 वर्षांसाठी पुढे न्यायचा तर एकरकमी स्थलांतर शुल्क भरायचं होतं. या कंपनीने ते भरलं, शिवाय नवी शहरंही घेतली, आणि बराचसा पैसा कर्जाऊ उचलला. व्याजाचा बोजा मुंबईत बसला, पण काटकसर शहरोशहरी सुरू झाली.

पहिली पायरी 2017 ची. कार्यक्रम विभागातल्या सगळ्यांना पगारी नोकरीतून काढून 'रिटेनर' करारावर घेतलं गेलं. 'हातात जास्त पैसे येतील' असं सांगितलं गेलं, आणि पहिल्या महिन्यात ते खरंही वाटलं, कारण भविष्यनिर्वाह निधीची कपात थांबली होती. पगाराऐवजी व्यावसायिक फी म्हणून रक्कम मिळू लागली, त्यावर 10 टक्के टीडीएस कापला जाऊ लागला. काम तेच, वेळ तीच, रजेचा अर्जही त्याच सरांकडे. कागदावर मात्र ताई आता कंपनीच्या कर्मचारी राहिल्या नव्हत्या. नऊ वर्षांच्या ग्रॅच्युइटीबद्दल त्या वेळी कुणी विचारलं नाही आणि कंपनीने दिलीही नाही.

दुसरी पायरी नेटवर्किंगची. तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपनीला स्वतःच्या सर्व वाहिन्यांवर एकच कार्यक्रम देशभर लावायची परवानगी दिली. आधी रात्रीचा शो मुंबईहून येऊ लागला, मग दुपारचा. दोन आरजे गेले.

तिसरी गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही, पण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष तोच आहे. मुंबईची कॉर्पोरेट विक्री टीम मोठ्या ब्रँडना अनेक शहरांचं पॅकेज विकायची. सौदा पक्का व्हावा म्हणून लहान शहरांतले सेकंद 'बोनस' म्हणून मोफत दिले जात. जाहिरात इथे वाजायची, पैसे मात्र मुंबईच्या किंवा पुण्याच्या खात्यात दिसायचे. इथल्या स्टेशनच्या नावावर वीज, भाडं, पगार आणि मनोऱ्याचा खर्च तेवढा उरायचा. त्यात सणासुदीला हे मोफत सेकंद ब्रेकमध्ये इतकी जागा खायचे, की पैसे देणाऱ्या स्थानिक दुकानदाराला सकाळी साडेआठची वेळ मिळायची नाही. मग वर्षअखेरीच्या आढाव्यात हे स्टेशन 'तोट्यात' दिसायचं.

ट्रॅफिकच्या लॉगमध्ये रोजचा सेकंदान्‌सेकंद लिहिलेला होता. किती जाहिराती पैशांच्या, किती बोनसच्या, हे महिन्यागणिक काढता आलं असतं. स्टेशन हेडना हे ठाऊक होतं. ते सज्जन गृहस्थ होते, माणसांना सांभाळून घेणारे. पण त्यांनी हा मुद्दा फोनवर दोन-तीनदा काढला आणि 'टार्गेटवर लक्ष द्या' असं उत्तर आल्यावर सोडून दिला. लेखी काही पाठवलं नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. दुकानं बंद, जाहिराती बंद. केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्चला पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला होता. तो 18 मेपासून मागे घेतला गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटीतून मार्ग काढावा असं सांगितलं. कंपनीने या सगळ्याची वाट न पाहता एप्रिलमध्येच एक ई-मेल पाठवून 30 टक्के वेतन 'तात्पुरतं' कमी केलं. परत कधी मिळणार, मिळणार की नाही, याचा त्यात उल्लेख नव्हता. लोकांनी घरातल्या कपाटासमोर, गोधड्या टांगून मोबाइलवर लिंक, म्हणजे गाण्यांमधलं निवेदन, रेकॉर्ड करून पाठवल्या. इंजिनिअर पोलिसांचा पास काढून ट्रान्समीटरची देखभाल करायला जात होता. प्रसारण एकही दिवस बंद पडलं नाही.

इंजिनिअरने त्या ई-मेलला एका ओळीचं उत्तर दिलं होतं: 'कपात केलेली रक्कम केव्हा मिळेल ते कृपया कळवावे.' उत्तर आलं नाही. बाकी कुणी काही लिहिलं नाही.

फेब्रुवारी 2021: निर्णयाचा दिवस

दुपारी मुंबईहून व्हिडिओ कॉल आला. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी सांगितलं की स्टेशन आता मुंबईच्या हबवरून चालेल, इथे फक्त विक्रीची तीन माणसं आणि एक तांत्रिक मदतनीस राहतील. बाकीच्यांनी आज संध्याकाळपर्यंत राजीनामा ई-मेल करावा, म्हणजे फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, लवकर निघेल आणि अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल. मसुदा त्यांनीच पाठवला होता. त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेलं होतं.

खाली चहाच्या टपरीवर सगळे जमले. ट्रॅफिकच्या मुलीने ताईंना विचारलं, "ताई, तुम्हीच सही केलीत तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" ताईंकडे लगेच उत्तर नव्हतं. इंजिनिअर एवढंच म्हणाला, "आज कुणी काही पाठवू नका. उद्या बघू." माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. तरीही विक्रीतल्या दोघांनी आणि एका प्रोड्युसरने रात्रीच राजीनामे पाठवले. घराचे हप्ते थकलेले होते, त्यांना दोष देता येत नाही.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी एका कामगार वकिलांकडे जाऊन बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की एकाच छपराखाली बारा वर्षं काम केलेली ही माणसं कायद्यासमोर वेगवेगळी होती.

तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 लागू होता. त्यात कामगार कुणाला म्हणायचं याची व्याख्या होती: अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कार्यवाहीचं, कारकुनी किंवा मर्यादित पगाराचं पर्यवेक्षकीय काम करणारा. साउंड इंजिनिअरचं काम तांत्रिक, ट्रॅफिकच्या मुलीचं कारकुनी. हे दोघे व्याख्येत सरळ बसत होते. विक्रीची मुलं बसत नव्हती. औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं होतं की व्याख्येत नाव घेतलेल्या प्रकारांपैकी एखाद्यात काम बसलंच पाहिजे. आरजेचं काम सर्जनशील. ते कुशल म्हणायचं का, यावर वर्षानुवर्षं भांडता आलं असतं. शिवाय ताई तर 2017 पासून कागदावर कर्मचारीच नव्हत्या.

पहिला पर्याय राजीनाम्याचा. पैसे लवकर मिळण्याची आशा, पण नोकरकपातीची भरपाई गेली. दुसरा, राजीनामा न देता कंपनीला रीतसर नोकरकपात करायला लावायची. या कायद्याच्या कलम 25-एफ प्रमाणे वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं वेतन द्यावं लागे. तिसरा, महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार. त्याला 90 दिवसांची मुदत. पण मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर तिथे तक्रार टिकत नाही, ते आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं. म्हणजे ताईंसाठी तो दरवाजा जवळजवळ बंद होता.

चौथा पर्याय एका तरुण आरजेने सुचवला: सोशल मीडियावर सगळं जाहीर करायचं. शहर ताईंच्या मागे उभं राहिलं असतं यात शंका नाही. तो बाजूला ठेवला गेला, कारण करारात गोपनीयतेचं कलम होतं आणि तडजोडीची शक्यता त्यामुळे बंद झाली असती. हा निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल त्या गटात आजही दोन मतं आहेत. मला तो त्या वेळेपुरता योग्य वाटतो.

काय केलं

इंजिनिअर आणि ट्रॅफिकच्या मुलीने राजीनामा द्यायला लेखी नकार दिला. दोघांनी रोज ऑफिसला जाणं चालू ठेवलं. आठवडाभरात त्यांचे लॉगिन बंद केले गेले, तेव्हा त्यांनी त्या दिवसाचा ई-मेल करून ठेवला: 'आम्ही कामावर हजर आहोत, काम दिलं जात नाही.' नंतर मुदतीत कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली. एप्रिल 2020 चं ते एका ओळीचं उत्तरही जोडलं. वेतनात असा बदल करायचा तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9-ए खाली 21 दिवसांची पूर्वसूचना लागत असे. ती दिलेली नव्हती, आणि इंजिनिअरने पगारकपात गुपचूप मान्य केली होती असंही आता म्हणता येत नव्हतं.

ताईंनी वेगळा रस्ता धरला. 2017 पर्यंतची नऊ वर्षं त्या निर्विवाद पगारी नोकरीत होत्या. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटी कायदा, 1972 ला कामगाराच्या त्या अरुंद व्याख्येशी देणंघेणं नव्हतं. पाच वर्षं सलग सेवा झाली की हक्क तयार होतो, आणि अर्ज आला नाही तरी रक्कम काढून देणं ही मालकाचीच जबाबदारी. त्यांचा 2017 मधला मूळ पगार 18,000 रुपये होता. हिशेब सोपा: 18,000 चे 15 भागिले 26, गुणिले 9. म्हणजे सुमारे 93,460 रुपये, त्यावर 10 टक्के सरळव्याज वेगळं. कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडे अर्ज केला. उशीर का झाला याचं कारण द्यावं लागलं. ते मान्य झालं.

करारात आणखी एक कलम होतं: सोडल्यावर सहा महिने दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर बोलायचं नाही. त्याच्या धाकाने ताई पहिले दोन महिने घरीच बसल्या. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली नोकरी संपल्यावर पोटाचा धंदा अडवणारी अशी अट टिकत नाही, हे वकिलांनी सांगितल्यावर त्यांनी निवेदनाची आणि डबिंगची कामं घ्यायला सुरुवात केली.

निष्पत्ती

न्यायालयात काही तारखा झाल्यावर कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. इंजिनिअर आणि ट्रॅफिकची मुलगी यांना नोटिशीचा पगार, नोकरकपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी आणि 2020 मध्ये कापलेलं वेतन मिळालं. नोकरी परत मिळाली नाही. ती मागण्यात दोघांना रस उरला नव्हता. ताईंना ग्रॅच्युइटी व्याजासकट मिळाली, पण 2017 नंतरच्या चार वर्षांचं काहीच नाही. ज्यांनी त्याच रात्री राजीनामे पाठवले त्यांना शेवटच्या महिन्याचा पगार मिळायलाही बराच काळ लागला. 'लवकर निघेल' हे आश्वासन त्यांच्याच बाबतीत पाळलं गेलं नाही, हे मला फार लागलं.

स्टेशनचं काय झालं? सकाळचा शो मुंबईहून येऊ लागला. अतिवृष्टीमुळे इथल्या शाळांना सुट्टी दिलेल्या दिवशी रेडिओवर मुलांना डबा काय द्यायचा याच्या गप्पा चालू होत्या. मोठ्या सराफाने वार्षिक करार पुन्हा केला नाही. क्लासवाले इन्स्टाग्राम आणि होर्डिंगकडे वळले. उरलेल्या विक्रीच्या मुलांना गिऱ्हाईक टिकवण्यासाठी आणखी बोनस सेकंद द्यावे लागले. खर्च कमी झाला खरा, पण ज्या आवाजावर स्थानिक पैसा येत होता तोच काढून टाकल्यामुळे उत्पन्न त्याहून वेगाने आटलं. पुढच्या एका दिवाळीत कंपनीने ताईंना दहा दिवसांच्या विशेष कार्यक्रमासाठी बोलावलं. त्यांनी रोजची फी लेखी मागितली, अर्धी आगाऊ घेतली, आणि कार्यक्रम उत्तम केला.

वेगळं काय करता आलं असतं

कामगारांच्या बाजूने पाहिलं तर खरा निर्णयाचा क्षण 2017 चा होता. रिटेनरच्या करारावर सही करताना ताईंनी दोन गोष्टी मागायला हव्या होत्या: आधीच्या सेवेची ग्रॅच्युइटी तिथल्या तिथे, आणि नव्या फीमध्ये मालकाच्या वाट्याच्या भविष्यनिर्वाह निधीइतकी वाढ. त्या वेळी त्यांचा शो शहरात पहिल्या क्रमांकावर आहे असं कंपनीच जाहिरातदारांना सांगत होती. मागण्याची ताकद तेव्हा होती, 2021 मध्ये ती उरली नाही. ज्यांच्याकडे आज असा करार येतो त्यांनी सहीआधी निदान चार दिवस मागून घ्यावेत. चार दिवसांत कुणी काढून टाकत नाही.

पगारकपातीच्या ई-मेलला एका ओळीचं उत्तर सगळ्यांनीच द्यायला हवं होतं. त्यात भांडण नाही, उद्धटपणा नाही. फक्त नोंद आहे.

कंपनीच्या बाजूचा दोष मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो टाळता येण्याजोगा होता. पॅकेजमधला बोनस सेकंदांच्या वाट्याचा पैसा ज्या शहरात जाहिरात वाजली त्या शहराच्या खात्यात वाटून टाकला असता, तर हे स्टेशन कदाचित बरोबरीत तरी दिसलं असतं. सरकारी जाहिरातींच्या दरातसुद्धा 2023 पर्यंत वाढ नव्हती. 10 सेकंदांचा मूळ दर 52 रुपयांवरून 74 झाला तो त्या वर्षी. तंगी खरी होती, हे मी नाकारत नाही. पण तंगीत कुठे कापायचं हे ठरवताना चुकीचा ताळेबंद समोर ठेवला गेला. मुंबईत कुणीही लॉग मागवून पाहिला नाही.

आणि स्टेशन हेड. त्यांच्याकडे लॉग होता, अनुभव होता, शहरातल्या दुकानदारांचा शब्द होता. दोन पानांचं टिपण, सहा महिन्यांचे सेकंद, आणि पाच मोठ्या जाहिरातदारांची 'स्थानिक शो राहिला तरच करार करू' अशी पत्रं, एवढं त्यांनी 2019 मध्ये पाठवलं असतं तर निर्णय बदललाच असता असं म्हणता येत नाही. निदान तो निर्णय डोळस झाला असता, आणि पुढे न्यायालयात किंवा वाटाघाटीत त्या टिपणाचा उपयोगही झाला असता. नंतर भेटले तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं, मी शांत राहिलो तर माझी माणसं वाचतील."

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. श्रमिक पत्रकारांच्या व्याख्येत आता रेडिओसह इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा उल्लेख आला आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. गाणी आणि गप्पांचा शो करणारा आरजे पत्रकार ठरेल का, आणि रिटेनर करारावरचा माणूस नोकर ठरेल का, हे दोन प्रश्न मात्र न्यायालयांसमोर येणारच आहेत. 2015 मध्ये पुढे नेलेल्या बहुतेक परवान्यांची मुदत 2030 मध्ये संपते. त्याआधी प्रत्येक कंपनीला शहरागणिक ठरवावं लागेल की कोणतं स्टेशन ठेवायचं. तो हिशेब मांडताना लॉग उघडायला सांगणारा माणूस बैठकीत असावा, आणि ट्रॅफिकवर बसणाऱ्या मुलामुलींनी आजपासूनच दर महिन्याचा सारांश आपल्या साहेबांना ई-मेलने पाठवायला सुरुवात करावी.